जोडणारी आणि तोडणारा

तलासरी,
नोव्हेंबर १९६४

प्रिय चंद्रा,

तुझी पत्रं येऊन पडली आहेत आणि मी एकाचंही उत्तर दिलेलं नाही. शाळेचं काम होतं, पावसाने इथला रस्ता वाहून गेला, मग गवतकापणी सुरू झाली आणि अर्धी शाळा आईबापांबरोबर माळावर गेली, अशी कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्या कुणाला ती चाललीही असती. तुला माझी कारणं लहानपणापासून तोंडपाठ आहेत, म्हणून सरळ सांगतो. माझ्या पोटात दुखतं. ओवा खाऊन थांबणारं दुखणं नव्हे. तुझ्या पत्रात ‘अच्युत’ हे नाव आलं की ते सुरू होतं, आणि हल्ली तुझ्या पत्रात ते नाव कालवणातल्या मिठासारखं सगळीकडे असतं. अच्युत असं म्हणाला, अच्युतने तसं सुचवलं, अच्युतला पाटी पुसायचा कंटाळा. पाटी पुसायचा कंटाळा हासुद्धा काय पत्रात लिहायचा गुण आहे? माझ्या वर्गात तो सगळ्या पोरांना आहे.

आधी तुझ्या कामाचं बोलतो, नाहीतर तू मधली पानं सोडून शेवटाकडे धावशील. पावसाळ्याच्या तोंडाशी तू मला लिहिलंस की भीमाकाकांपाशी तुझ्या आणि अच्युत विजयकरांच्या लग्नाचा विषय काढ. मी काढला तर बाबा उठून होडीकडे चालू लागतील, आईने, म्हणजे पुतळीकाकूंनी, काढला तर रडारड होईल, सदा, तुझं मात्र ते ऐकतात. वर तू असंही लिहिलंस की बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला, त्यांना दुखवून मी लग्न करणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. म्हणजे सगळं आलं माझ्या जिभेवर. चंद्रा, तू एवढी हुशार, मुंबईच्या मोठमोठ्या लोकांसमोर फळ्यावर गणितं मांडतेस, आणि तुला एवढं कळू नये? जो तुझ्यासमोर जन्मभर सुरी घेऊन बसला, त्याच्याच हातात तू पुन्हा सुरी दिलीस आणि म्हणालीस, जरा जपून हं.

तुला आता आपला खेळ कागदावरचाच आठवत असेल, ठिपक्यांचा आणि रेघांचा. मला तो वासासकट आठवतो. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तुमच्या अंगणातल्या माडाच्या झापाच्या छपराखाली सगळी जाळी दुरुस्तीला यायची. काका जाळं चाचपून पाहायचे आणि अगदीच निकामी तुकडा आपल्याकडे फेकायचे. तो आपण दोन वल्ह्यांमध्ये ताणून बांधायचो. एक वल्हं म्हणजे किनारा, दुसरं म्हणजे खोल पाणी. तुझ्याकडे काकूंच्या जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या, माझ्याकडे मासे कापायची सुरी. तू एका दोऱ्याला चिंधी बांधलीस की तो दोरा सुरक्षित, त्याला मी हात लावायचा नाही. मी एक दोरा कापला की तो गेला. एकदा तू, एकदा मी. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत चिंध्यांची अखंड वाट झाली की तू जिंकलीस. त्याआधी जाळ्याचे दोन तुकडे होऊन लोंबले की मी. तू कायम जोडणारी आणि मी कायम तोडणारा. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी सुरी माझ्या बाजूला पडली होती, एवढंच.

आणि काकांचा नियम होता की जो तोडील त्यानेच नंतर सांधायचं. हरलो तरी मी, जिंकलो तरी मीच. खेळ संपला की कापलेला एकेक दोरा पुन्हा गाठ मारून जोडायचा, गाठ सुटली तर काका डोक्यात टपली मारायचे. त्यांना वाटायचं, पोरगं या निमित्ताने जाळं सांधायला शिकेल. शिकलोही. पण मी तुला आज सांगतो, मला त्या शिक्षेचंच वेड होतं. मी गाठी मारत बसायचो आणि तू समोर पाय पसरून बसायचीस, कुठे चुकलास ते पहिल्यापासून सांगायचीस, वाटेल ते बडबडायचीस. मी मुद्दाम जास्त दोरे कापायचो. तुला वाटायचं, मी बेधडक खेळतो. मला फक्त संध्याकाळ लांबवायची असायची.

मग तू मोठी झालीस. तुझ्या आत्याला, बायजीला, ते आपल्याआधी कळलं. तिने अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “ही पोर अजून त्या पोऱ्यासंगं मांडीला मांडी लावून बसनार हाय का?” काका जाळं गुंडाळायला लागले. खेळ बंद होणार हे मला दिसलं. तेव्हा तुझ्या आईने तोड काढली. तुला भाऊ नाही, दिवाळीत कुणाला ओवाळावं म्हणून तू दर वर्षी हिरमुसतेस, तर सदाला ओवाळ. भाऊ म्हटला की तोंडं बंद. त्या भाऊबीजेला काकूंनी पाट मांडला, भोवती तांदळाची रांगोळी काढली आणि मी उड्या मारत येऊन बसलो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आणखी काय कळणार? मला एवढंच कळलं की दुसऱ्या दिवसापासून जाळं पुन्हा ताणता येईल. तू नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत हसत होतीस. मी तुझ्या तबकात काकांकडून मिळालेला तांब्याचा पैसा टाकला आणि मोठा डाव मारला अशा थाटात उठलो. आपल्या गावात एकदा ओवाळणी पडली की ती पडली. रक्ताचा भाऊ एखादे वेळी भांडून तुटेल, मानलेला तुटत नाही, कारण त्याला चार घरांनी पाहिलेलं असतं. मी सगळ्यांसमोर बसून स्वतःच्या हाताने स्वतःचाच दोरा कापला, आणि वर करंजी खाल्ली.

पुढच्या पावसाळ्यापासून तू मला हरवायला लागलीस. आधी कधी तू, कधी मी असं चालायचं. मग सलग तूच. मी चिडून चिंध्या तपासायचो. शेवटी मॅट्रिकच्या वर्षी तू गुपित सांगितलंस. धड जाळं असेल तर त्याच्यात दोन जाळी लपलेली असतात. एकाचा दोरा दुसऱ्यात नाही, पण दोन्ही आपापल्या परीने सगळ्या गाठींना धरून आहेत. मी एकातला दोरा कापला की ते दोन तुकड्यांत फाटतं. तू दुसऱ्या जाळ्यातला नेमका तोच दोरा चिंधी बांधून पक्का करायचीस जो ते दोन तुकडे परत सांधेल. मी कापत राहायचो, तू शांतपणे ठिगळ लावत राहायचीस. तू मातीत काडीने दोन्ही जाळी वेगवेगळी काढून दाखवलीस आणि मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. मला तेव्हा तुझा हेवा वाटला नाही. खरंच नाही. ते गुपित जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांत मी होतो.

तू मुंबईला गेलीस, मी ट्रेनिंग करून मास्तर झालो. तू लिहिलंस की धड जाळ्याचा प्रश्न सुटला, आता फाटक्याचा सोडवायचा. समुद्र काही विचारून फाडत नाही. कुठलाही दोरा कुठेही जातो. अशा जाळ्यात किती दोरे उरले तर दोन जाळी अजून लपलेली सापडतील? तुला फाटकी जाळी हवी होती आणि ती माझ्याकडे होती. वादळ झालं की मी शनिवारची एस.टी. पकडून डहाणूला यायचो, चिखल्यापर्यंत किनाऱ्याने चालत जायचो, लोकांच्या वाळत घातलेल्या जाळ्यांसमोर बसून चौकटीच्या कागदावर एकेक भोक उतरवून घ्यायचो. लोक म्हणायचे, मास्तरला वारं लागलं. झिपरू तांडेलाने तर मी सरकारी माणूस होऊन नुकसानभरपाई लिहून घेतोय असं समजून मला शहाळं पाजलं. मी ते प्यालो आणि पुढचं भोक उतरवायला घेतलं. ती चित्रं मी तुला पाठवायचो, तू त्यावर हिरव्या शाईने दोन जाळी शोधायचीस आणि मला कळवायचीस. मला वाटायचं, आपला संसार नसला तरी हे आहे.

मग अच्युत आले. त्यांनी तुला काय सांगितलं ते तू मला केवढ्या कौतुकाने लिहिलंस! एवढी चित्रं कशाला हवीत, एक नाणं घ्या. प्रत्येक दोऱ्यासाठी उडवा. छापा पडला तर दोरा राहिला, काटा पडला तर गेला. बसल्या जागी हवी तितकी फाटकी जाळी. आणि नाणंसुद्धा उडवायचं नाही, नुसतं मनात धरायचं आणि हिशेब कागदावर करायचा. त्यावरून तुम्हाला ते सापडलं की फाटणं एका मर्यादेच्या अलीकडे असेल तर जोडणारी जवळजवळ हमखास जिंकते, पलीकडे गेलं की जवळजवळ हमखास हरते, आणि मधला पट्टा अगदी अरुंद असतो. सुरेख आहे, मला कळलं ते. पण चंद्रा, त्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘आता तुला चिखल्यापर्यंत उन्हात पायपीट करायला नको.’ तू काळजीने लिहिलंस हे मला माहीत आहे. मी तो कागद चुरगाळला आणि परत सरळ केला. एका नाण्याने माझी जागा घेतली होती, तेही खिशातून न काढलेल्या.

गेल्या उन्हाळ्यात तू त्यांना घेऊन आलीस. ‘सोबत काम करतात, समुद्र बघायचाय’ असं सांगितलंस. मी काय ओळखायचं ते स्टेशनवरच ओळखलं, कारण तू त्यांची पिशवी धरली होतीस आणि त्यांनी तुझी. मला तो माणूस वाईट निघायला हवा होता. मी मनापासून प्रयत्न केला. पांढरी पँट घालून आलेत म्हटल्यावर त्यांना बोंबील वाळत घालायच्या वलांडीखालून नेलं, जिथे वरून पाणी टपकतं. तर ते वर पाहून म्हणाले, हे जोडीजोडीने का टांगतात? आणि बोंबलाचा जबडा बोंबलात अडकवायला शिकत बसले. मी काकांना सांगून त्यांना होडीतून बाहेर नेलं. खाडीचं तोंड ओलांडलं आणि ते काठावरून वाकून ओकायला लागले. मला एवढा आनंद झाला की काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. परत आल्यावर मला वाटलं, आता अंथरूण धरतील. ते खळखळून चूळ भरून जेवायला बसले आणि काकूंना म्हणाले, अजून एक भाकरी. विजयकर म्हणजे मुंबईचे प्रभू, मासे खाण्यात आपल्याला ऐकणार नाहीत. तीही वाट बंद.

दुपारी तूच जाळं ताणलंस. ते जोडणारे, मी तोडणारा. तुझ्या जागी त्यांना बसलेलं पाहून माझी सुरी अशी चालली की विचारू नकोस. मी जिंकलो. जाळं दोन तुकडे होऊन लोंबलं, बऱ्याच वर्षांनी. मी मान वर केली तर तू त्यांच्याजवळ सरकून बसली होतीस, हातात चिंध्या होत्या, आणि दोघं हसत होतात. हरल्यावर एवढं हसणारी माणसं मी पाहिली नव्हती. तू त्यांना कुठे चुकलात ते पहिल्यापासून सांगत होतीस. मी दोरे सांधायला घेतले तर म्हणालीस, राहू दे रे सदा, आता नायलॉन आलंय, हे जाळं कोण वापरणार? आणि मग मुंबईहून पत्र. त्यात तू सहज लिहून गेलीस की ते जाळं इतकं फाटलेलं होतं की त्यात दोन जाळी मावणारच नव्हती. अच्युतने पहिल्या नजरेत ओळखलं होतं, पण पाहुण्याने कशाला बोलायचं म्हणून हरले. आता सांग, अशा माणसाचं मी काय करू? साधं हरलासुद्धा माझ्याहून चांगला.

त्यांचा नवा खेळही तू मला शिकवलास. दोऱ्याला दोनच टोकं का, तीन, चार, पाच का नकोत, असं त्यांनी विचारलं म्हणे. म्हणून दोरे गेलेच. नुसते ठिपके मांडायचे आणि त्यांचे वाटेल तसे गट करायचे, एक ठिपका कितीही गटांत. एकाने एखादा गट पुरता गिळायचा, दुसऱ्याने प्रत्येक गटातला निदान एक ठिपका हिसकावून त्याला अडवायचं. मला वाटलं, हे कसलं खूळ, आपल्या जाळ्याची सर याला येणं शक्य नाही. ते सिद्ध करायला मी शाळेच्या ओट्यावर चिंचोके मांडले, खडूने त्यांच्याभोवती एकमेकांत गुंतलेली रिंगणं काढली आणि पोरांना बसवलं. चंद्रा, पोरं घरी जाईनात. नवशी नावाची वारल्याची पोर आहे, चौथीत, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. ती अडवायला बसते आणि एकाच चिंचोक्यात तीन-तीन रिंगणं मोडते. मोठी पोरं तिच्यापुढे रडकुंडीला येतात. परवा तिने विचारलं, “गुरुजी, हा खेल कोनी केला?” मी म्हणालो, मुंबईच्या एका माणसाने. “मंग त्याला आना ना इथं.” नाव न सांगता मी पुढचं रिंगण काढायला घेतलं.

आणखी एक गोष्ट तू लिहिली होतीस, ती मला सगळ्यांत झोंबली. जिथे दोघांनाही गटच पुरा करायचा असतो आणि जो आधी करील तो जिंकतो, अशा खेळात मागून हात खेळणाऱ्याला हमखास जिंकायची युक्ती असूच शकत नाही. कारण तशी युक्ती असती तर पहिल्याने आधी एक कुठलाही हात करून टाकला असता आणि मग तीच युक्ती चोरून स्वतः वापरली असती. एक हात जास्तीचा पदरी असल्याने कुणाचं बिघडत नाही. वाचून मी तुमच्या गणितावर भयंकर भडकलो. पहिला मी होतो. तुमच्या अंगणात, झापाखाली, परकराच्या ओच्यात चिंध्या भरलेल्या तुझ्यासमोर, पहिला मी. विजयकर दुसरे, तेही किती मागून. तुमच्या नियमाने त्यांना जिंकता येत नाही. मग जिंकले कसे? आठवडाभर मी वर्गात पाढे घेताना हेच घोकत होतो. शेवटी उत्तर सापडलं आणि ते न सापडतं तर बरं होतं. तो नियम जिथे दोघांनाही काहीतरी हवं असतं तिथला आहे. तोडणाऱ्याला तो लागू नाही. तोडणाऱ्याचा स्वतःचा गट नसतोच. तुला मागणी घालायला सरावलीचा तो मुकादमाचा मुलगा आला, मी काकांना त्याच्या दारूचं सांगितलं. कैनाडहून स्थळ आलं, मी त्यांच्या घरची भांडणं मोजून दाखवली. दोन्ही खरी होती, पण मी खरेपणासाठी बोललो नव्हतो. प्रत्येक वेळी जाळं दोन तुकडे झालं आणि मी खूश झालो. ‘मला दे’ असं मी काकांना कधी म्हटलं नाही. पाटावर बसलेला भाऊ कसा म्हणणार? आणि विजयकरांनी येऊन पहिल्याच हाताला तुला सरळ विचारलं.

भाऊबीज झाली, तू यंदा आली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वलांडीवर गेलो. काका-काकू बोंबील टांगत होते, मीही टोपलीशी बसलो. काय बोलायचं ते मी एस.टी.त जुळवूनच आणलं होतं, आणि चंद्रा, ते तुझ्या बाजूचं नव्हतं. कुठला दोरा कापला की सगळं खाली येईल हे मला पक्कं ठाऊक होतं. जातीचं बोलायची गरज नव्हती. ‘तो तिला परदेशात घेऊन जाणार आहे,’ एवढं वाक्य पुरलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं, तूच लिहिलंयस की त्यांना बाहेरून बोलावणं आहे. मी विषय काढला. काकांनी हातातला बोंबील टांगला, हात सदऱ्याला पुसले आणि म्हणाले, “माला गनितातला काय कलत नाय, मानूस एक दिस बघून कलत नाय. तू भाऊस तिचा. तू हो म्हनशील तर हो, तू नाय म्हनशील तर नाय. जातवाले चार दिस बोलतील, मी बघून घेईन.” मी तोंड उघडलं. नाही म्हणायलाच उघडलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तेवढ्यात काकूंनी विचारलं, “पोर हसते का रं त्याच्यासंगं?” हा प्रश्न मी एस.टी.त धरलेला नव्हता. मी बराच वेळ बोंबलाचा जबडा उघडत बसलो. मग म्हणालो, हसते. वर म्हणालो, होडीत ओकतो, पण ओकून झालं की जेवायला बसतो. काका एवढे हसले की शेजारच्या वलांडीवरचे लोक बघायला लागले. “मंग चालेल,” म्हणाले.

हे सगळं तुला एव्हाना कळलं असेल. काकांनी पोस्टात बसून तुला कार्ड लिहून घेतलं, ‘सदाने शब्द टाकला’ असं त्यात असेलच. अभिनंदन वगैरे मी लिहीत नाही, अजून पोटात दुखतंच आहे. तेव्हा ही बातमी द्यायला मी बसलेलो नाही. त्याच दिवशी काकूंनी लग्नाची जुळवाजुळव सुरू केली आणि पहिलं काय ठरवलं असेल तर कानपिळी. नवऱ्याचा कान पिळून मान घ्यायला मुलीला भाऊ लागतो, तो सदा. मी हो म्हटलं आहे. विजयकरांना सांगून ठेव, मी येईन, धोतर नेसून येईन आणि कान असा पिळीन की त्यांना सगळे ठिपके दिसतील. तो एवढा एक हक्क मी सोडणार नाही. पण तो झाला की मला मोकळं कर. पुढल्या दिवाळीला माझ्यासाठी पाट मांडू नकोस, ओवाळू नकोस, पत्रावर ‘चि. भाऊ’ लिहू नकोस. लोक विचारतील, तर सांग, सदा चिडलाय. काकांना, काकूंना, बायजीला, साऱ्या गावाला मी भाऊ वाटलो, आणि तुलाही. ते तुमचं चुकलं नाही. पण चंद्रा, मी पाटावर बसायचो तेव्हा तू ओवाळताना डोळे खाली ठेवायचीस आणि मी तुझ्याकडे बघायचो. मी तुझा भाऊ नव्हतो. एक दिवसही नव्हतो.

तुझाच,
सदानंद